पदवी झाली, आता पुढे काय?



निकाल लागून पंधरा दिवस झाले, की कचेरीत ओळखीचे चेहरे दिसू लागतात. हातात पेढ्याचा पुडा, मागे नवा शर्ट घातलेले पोरगे, आणि बोलणे दरवर्षी तेच : "साहेब, पोरगं ग्रॅज्युएट झालं. आता त्याले कारखान्यात कुठं तरी चिकटवा." पेढा गोड लागतो, पण उत्तर देणे जड जाते. म्हणून या अंकात दोन गोष्टी सविस्तर मांडतो.

प्रथम कारखान्याचेच पाहू. साखर कारखान्याचा पुष्कळसा नोकरवर्ग हंगामी असतो. गळीत ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि मार्च-एप्रिलात संपते. पुढे हंगामी माणसाला पूर्ण पगार नसतो, रिटेन्शनवर भागवावे लागते. नुसत्या बी.ए.ला येथे कारकून किंवा चिटबॉय याच्या पलीकडे सहसा जागा नाही, आणि तीही रिकामी असली तर. याउलट ज्या कामाला माणूस शोधावा लागतो ते निराळेच आहे : प्रयोगशाळेत रसाचा ब्रिक्स आणि पोल तपासणारा केमिस्ट, पॅनवर साखरेचा दाणा धरणारा पॅनमन, आसवनीतला तंत्रज्ञ, टर्बाइन-बॉयलर सांभाळणारा माणूस. उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला तर टनामागे पाच किलो साखर जाते, आणि ती तुमच्याच बिलातून जाते. त्यामुळे जाणत्या माणसाची किंमत कारखान्याला कळते.

हे शिक्षण कोठे मिळते? पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. १९७५ साली ती डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झाली, आणि ती उभी केली सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादकांनीच. म्हणजे ती आपली संस्था, पण आपल्या भागातले किती जण तिचे आवार पाहून आले? रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींना साखर तंत्रज्ञान आणि मद्यार्क तंत्रज्ञान यांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम तेथे आहेत. कानपूरला केंद्र सरकारची राष्ट्रीय शर्करा संस्था १९३६ पासून आहे. मुलीला एवढ्या लांब पाठवायचे कसे, असे कोणी म्हणेल. प्रयोगशाळेत बाई केमिस्ट म्हणून अडचण कसलीच नाही, एवढेच सांगतो.

आता बी.ए., बी.कॉम. झालेल्यांचे. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा २०१४ साली दुरुस्त झाला, तेव्हापासून साध्या पदवीधरालाही शिकाऊ म्हणून घेता येते. विद्यावेतन थोडे असते, पण वर्षभर हिशेब, गोदाम, खरेदी यांत हात बसतो आणि दाखला मिळतो. रिकामे बसण्यापेक्षा ते बरे.

स्पर्धा परीक्षेविषयी स्पष्टच लिहितो, कोणाला राग येवो. राज्यसेवेला खुल्या वर्गासाठी वय अडतीसपर्यंत, मागासवर्गीयांना त्रेचाळीसपर्यंत चालते. ही सवलत आहे खरी, पण तीच गळ्यात पडते. "अजून वय आहे" म्हणत पोरगा पुण्याच्या खोलीत दहा वर्षे काढतो, इकडे बाप उसाच्या बिलातून खोलीभाडे पाठवतो. जाण्याआधीच बापलेकांनी समोरासमोर बसून ठरवावे, किती वर्षे आणि किती रुपये. दोन प्रयत्नांत पूर्वपरीक्षाही निघाली नाही तर परत यायचे, आणि परत आल्यावर घरात कोणी टोमणा मारायचा नाही. हे दुसरे कलम पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. टोमण्याच्या भीतीने न परतलेली पोरे मी पाहिली आहेत.

आणि नोकरीसाठी जमीन विकू नका. एका सभासदाने काळ्या मातीची दोन एकर पाण्याखालची जमीन विकून एका संस्थेत पैसे भरले. ऑर्डर मिळाली, मान्यता मिळाली नाही. मुलगा तीन वर्षे बिनपगारी शिकवून घरी आला, तेव्हा विकलेल्या रानात दुसऱ्याचा ऊस उभा होता. शिक्षक भरतीसाठी २०१७ पासून शासनाची अभियोग्यता चाचणी आहे. मधला माणूस काय वाटेल ते सांगो, चाचणीचे गुण पैसे देऊन वाढत नाहीत.

आपल्या फुलसावंगीचेच एक दुःख येथे आठवते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच गावच्या वेल्डिंग करणाऱ्या तरुणाने स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पाते तुटून लागले आणि तो गेला. शिक्षण आठवीपर्यंत, इंजिन मारुती ८०० चे, आणि हात असा की सगळ्या महाराष्ट्राने नाव घेतले. त्याच्याजवळ हात होता. धातूची ताकद मोजून सांगणारा, "थांब, हे पाते अजून तपासू" म्हणणारा शिकलेला माणूस जवळ नव्हता. आमच्या पदवीधरांजवळ कागद आहे, आणि पान्हा धरायची लाज वाटते. पदवीनंतर आयटीआयला जाणे म्हणजे खाली उतरणे, असे आपण मोठी माणसेच म्हणतो. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटर-इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. बी.एस्सी. झालेला इलेक्ट्रिशियन कोणत्याही कारखान्यात उपाशी राहणार नाही.

शेती करायची असेल तर तीही हिशेबाने करावी. आठ एकराचे दोन भावांत चार-चार, पुढच्या पिढीत दोन-दोन. वसंतराव नाईक नागपूरला बी.ए., एल्एल.बी. होऊन पुसदला वकिली करू लागले, तरी शेतीचे बोलणे त्यांनी सोडले नाही. शिकलेल्या मुलाने माती परीक्षण, ठिबक, बेणेमळा, खर्चाची वही हे हाती घ्यावे. आणि बापाने ती वही त्याच्या हाती द्यावी. नुसते "बारे धर" म्हणून पोरगा रानात टिकत नाही.

शेवटी एक कागदाची गोष्ट. अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रीमिलेअर आणि जात वैधता हे दाखले अर्जाच्या शेवटच्या तारखेला आठवतात, आणि वैधतेला तर महिनोन् महिने लागतात. शाळा सोडल्याचा दाखला आणि सातबारा यांवरील नावात काना-मात्रेचा फरक असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्यावा. हे सर्व गळीत सुरू होण्याआधी उरकावे. एकदा तोड लागली, की घरातल्या कोणालाच तहसीलला जायला सवड होत नाही.