अशोकचक्रावर ब्रिटिश मुकुट? आजोबांचं १९४७ चं पदक विकण्याआधी हे वाचा

घरातल्या जुन्या पेटीत केशरी, पांढऱ्या, हिरव्या पट्ट्यांच्या रिबनचं गोल पदक सापडलंय? ते बहुधा १९४७ चं भारतीय स्वातंत्र्य पदक असेल.

त्यावर मुकुट कसा?

पदकाच्या एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख आहे. दुसऱ्या बाजूला अशोकचक्र, त्याच्या वर ब्रिटिश राजमुकुट आणि भोवती राजा सहाव्या जॉर्जचं नाव! ही छपाईतली चूक नाही. देश स्वतंत्र झाला, पण २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक होईपर्यंत कागदोपत्री राजा तोच होता.

हे पदक शौर्यासाठी होतं का?

नाही. त्या काळात सैन्यात सेवेत असलेल्यांना ते मिळालं. पुढे स्वातंत्र्याच्या २५ व्या, ५० व्या आणि ७५ व्या वर्षानिमित्त, म्हणजे १९७२, १९९७ आणि २०२२ साठीही अशी पदकं निघाली. ती सैन्यासोबत निमलष्करी दलं आणि पोलिसांनाही मिळाली. त्यामुळे महाराष्ट्रातल्या अनेक पोलीस कुटुंबांतही ती सापडतात.

मग संग्राहक काय बघतात?

१९४७ चं पदक चांदीचं नाही. ते तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचं आहे, म्हणजे धातूची किंमत फारशी नाही. खरं मोल असतं कडेवर. तिथे अनेकदा जवानाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटणीचं संक्षिप्त रूप कोरलेलं असतं. त्यावरून पदक नेमकं कुणाचं, हे कळतं. लष्करी साहित्याच्या दुकानांत गणवेशावर लावायला नकलाही मिळतात, त्यामुळे कड तपासायलाच हवी.

काय टाळायचं?

पॉलिशने घासू नका, कोरलेली अक्षरं झिजतात. एकाच माणसाची पदकं सुटी करून विकू नका. ती वेगवेगळ्या हातांत गेली की त्याच्या नोकरीची गोष्ट तुटते. आणि पदक संग्रही ठेवणं वेगळं, ते लावून सैनिक असल्याचं भासवणं हा मात्र गुन्हा आहे.

विकायचं ठरलंच, तर आधी कडेचा स्पष्ट फोटो काढा. घरातल्या मोठ्यांना विचारून पलटण, गाव, निवृत्तीचं साल लिहून ठेवा. पदक पुन्हा कुठेतरी मिळेलही, पण ही माहिती सांगणारी माणसं कायम राहणार नाहीत.