उशिरा पोचलेले प्रशिक्षण

पुणे-लोणावळा लोहमार्गावर बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्या मध्ये घोरावाडी हे मावळ तालुक्यातील लहानसे स्थानक आहे. स्वमग्न मुलाला घेऊन उपचारासाठी पुणे गाठणाऱ्या इथल्या आईला लोकलवाचून गत्यंतर नसते. कारण ते मूल ज्या अंगणवाडीत बसते, तिथल्या सेविकेला त्याच्याशी कसे वागावे हे शिकवण्याची तजवीज आपल्याकडे फार उशिरा झाली.

वास्तविक लिओ कॅनर यांनी ११ बालकांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे वर्णन केले ते १९४३ साली, आणि ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले ते १९४५ साली. म्हणजे दोन्ही एकाच दशकातली, पण त्यांची गाठ पडण्यास पाऊणशे वर्षे लागली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा कुपोषणाचे संकट उग्र असल्यामुळे सेविकेच्या शिक्षणात वजन, आहार व लसीकरण यांनाच अग्रमान मिळाला, आणि ते योग्यच होते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तो केला, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नतेची गणना झाली, आणि अंगणवाडीसाठी दिव्यांग बालकांविषयीची स्वतंत्र कार्यपद्धती २८ नोव्हेंबर २०२३ रोजी जाहीर झाली.

आता शिकवायचे ते काय? हाकेला न वळणारे मूल खाऊच्या डब्याचे झाकण वाजताच धावत येते, तेव्हा कानांची तपासणी करवून घ्यावीच, पण त्याला बहिरे ठरवून मोकळे होऊ नये. हवी ती वस्तू बोटाने न दाखवता ते सेविकेचे मनगट धरून तिला फळीपाशी ओढत नेते, तेव्हा तो हट्ट नसून मागणी आहे हे तिने ओळखावे. प्रार्थना, खेळ, खिचडी यांची चित्रे भिंतीवर क्रमाने लावून पुढे काय व्हायचे ते त्याला आधी दाखवावे. आणि काही विचारल्यावर, उत्तराची घाई न करता, स्वस्थ थांबावे. (थांबण्याचा रकाना कोणत्याही तक्त्यात नसतो, ही गोष्ट निराळी.)

ही कला सभागृहातील व्याख्यानाने साधत नाही. ती मुलाच्या शेजारी बसूनच शिकावी लागते, आणि पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमधील नोंदींनी आधीच जेरीस आलेल्या सेविकेवर आणखी एक नोंदवही लादल्याने तर ती मुळीच साधत नाही. तेव्हा मावळ तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयाला विनंती अशी की, सेविकांना प्रशिक्षणासाठी बाहेर बोलावण्यापेक्षा अनुभवी विशेष शिक्षिकेलाच महिन्यातून एक सकाळ अंगणवाडीत पाठवावे.