सौर विजेचा परिवर्तक कोणता निवडावा?



छपरावर सौर पॅनेल बसवावेत की नाही, हा प्रश्न आता मागे पडत चालला आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजना सुरू केली आणि तीन किलोवॉट वा त्याहून मोठ्या घरगुती संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. तेव्हापासून पुष्कळ कुटुंबे या विचाराला लागली आहेत. परंतु गृहस्थ चौकशी करतो ती पॅनेलांची. ज्या पेटीवाचून पॅनेलांची वीज घरातला साधा पंखाही फिरवू शकत नाही, तिच्याविषयी तो क्वचितच विचारतो. ती पेटी म्हणजे इन्व्हर्टर, अर्थात परिवर्तक.

ही पेटी करते काय? १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी सौर घट तयार केला. अशा घटातून निघणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. आपल्या घरातला प्रवाह मात्र २३० व्होल्टचा आणि सेकंदाला ५० आवर्तने करणारा, म्हणजे प्रत्यावर्ती असतो. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करणे हे परिवर्तकाचे मुख्य काम. शिवाय ऊन क्षणोक्षणी कमीजास्त होते, तेव्हा पॅनेलांतून जास्तीत जास्त शक्ती कोणत्या दाबाला मिळेल, याचा शोधही तोच अखंड घेत असतो.

निवड करताना पहिला प्रश्न असा की, गावची वीज गेली असता आपल्या घरात दिवा हवा आहे काय? येथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. भारनियमनाच्या काळात घरोघरी जो इन्व्हर्टर आला, तो बॅटरीवर चालणारा. त्यामुळे ‘इन्व्हर्टर म्हणजे वीज गेल्यावर दिवा’ असे समीकरण आपल्या मनात बसले आहे. परंतु सौर संचाबरोबर सामान्यतः मिळणारा ऑन-ग्रिड परिवर्तक वीज कंपनीच्या तारेशी जोडलेला असतो, आणि ती तार निर्जीव झाली की तो आपण होऊन बंद पडतो. भर दुपारी बारा वाजताही! हा त्याचा दोष नव्हे. खांबावर दुरुस्तीस चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरची वीज उलट जाऊन धक्का बसू नये, म्हणून केलेली ही व्यवस्था आहे. जेथे वीज क्वचितच जाते, तेथे हाच परिवर्तक स्वस्त आणि सोयीचा. दिवसा उरलेली वीज नेट मीटरमधून बाहेर जाते आणि बिलात वळती होते.

जेथे वीज वारंवार जाते, तेथे हायब्रिड परिवर्तक घ्यावा. तो तारेशीही जोडलेला असतो आणि बॅटरीशीही. बॅटरी मात्र गरजेपुरतीच असावी. समजा, ७५ वॉटचे दोन पंखे आणि १० वॉटचे चार दिवे चार तास चालवायचे आहेत. एकूण १९० वॉट, म्हणजे चार तासांत सुमारे पाऊण युनिट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या शिशाच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात. तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मीच वापरावी, म्हणजे ०.९ युनिट. तेव्हा एवढ्या गरजेला अशी एक बॅटरी पुरते. फ्रीज आणि पाण्याचा पंप तिच्यावर लादल्यास हिशेब कोलमडेल.

दुसरा प्रश्न सावलीचा. साध्या स्ट्रिंग परिवर्तकाला पॅनेल एकामागोमाग एक, माळेसारखे जोडलेले असतात. माळेतून एकच प्रवाह वाहत असल्यामुळे एका पॅनेलवर सावली पडली तर तिचा परिणाम साऱ्या माळेला जाणवतो. पॅनेलमधील बायपास डायोड हे नुकसान काही अंशी कमी करतात, पण पूर्ण टाळत नाहीत. अशा ठिकाणी प्रत्येक पॅनेलमागे स्वतंत्र मायक्रो-परिवर्तक लावावा. तो महाग पडतो आणि दुरुस्तीसाठी छपरावर चढावे लागते. पण एकाची सावली दुसऱ्याला बाधत नाही.

सावली पाहण्याची वेळही महत्त्वाची. पुण्यात मेच्या मध्याच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या दिवसांत गच्चीवर जाऊन ‘सावली नाही’ असा निर्वाळा दिला तर फसगत होईल. डिसेंबरअखेर सहा फूट उंचीच्या टाकीची सावली माध्यान्हीही उत्तरेकडे सुमारे साडेपाच फूट पडते. सकाळी व संध्याकाळी ती याहून पुष्कळच लांबते. शेजारच्या इमारतीची गोष्ट तर सांगावयासच नको.

तिसरा प्रश्न आकड्यांचा. ५४० वॉटचे सहा पॅनेल म्हणजे ३,२४० वॉट. त्यांना तीन किलोवॉटचा परिवर्तक चालतो, कारण पॅनेल आपली पूर्ण शक्ती क्वचितच देतात. प्रत्येकी सुमारे ४१ व्होल्ट धरल्यास माळेचा दाब २४६ व्होल्ट होतो. परंतु हा आकडा २५ अंश तापमानाचा. उन्हाळ्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतात आणि दर अंशाला दाब सुमारे ०.३ टक्के घटतो. म्हणजे १२ टक्क्यांची घट होऊन तो २१६ व्होल्टच्या आसपास येतो. उलट, थंडीच्या सकाळी तो वाढतो. हे दोन्ही टोकांचे दाब परिवर्तकाच्या मर्यादेत बसतात की नाही, ते पुरवठादाराकडून लिहून घ्यावे.

शेवटी आयुष्याविषयी. पॅनेल २५ वर्षे काम देतात. स्ट्रिंग परिवर्तक साधारणतः १० ते १५. तेव्हा तो एकदा बदलावा लागेल, हा खर्च आरंभीच हिशेबात धरावा. तो भिंतीवर सावलीत, हवेशीर जागी बसवावा; उष्णतेने त्याचे आयुष्य घटते. आणि किमतीचा कागद हाती घेण्यापूर्वी आपल्या गावची वीज महिन्यात किती तास जाते व आपल्या गच्चीवर डिसेंबरात सावली कोठवर येते, या दोन गोष्टी वहीत टिपून ठेवाव्या. त्या दोन नोंदींवरूनच बहुतेक घरांची निवड ठरते.