इंजिन जाम झालंय... पण फेकण्याआधी थांबा!

जुनी व्हॅन ऐन प्रवासात आचके देते आणि थांबते. स्टार्टर मारला तर नुसतं 'टक्' वाजतं. गॅरेजवाला बॉनेट उघडून मान हलवतो, "इंजिन गेलं साहेब, दुसरं टाका." टाकायचं का? निर्णय खर्चाचा वाटतो, पण तो तेवढाच नाही.

वाराणसी म्हटलं की आपल्याला घाट, गंगाआरती आणि बनारसी शालू आठवतो. साठ-सत्तरच्या दशकांत मात्र हे शहर आणखी एका यात्रेचा मुक्काम होतं. लंडन-ॲमस्टरडॅमहून निघालेली तरुण मंडळी इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत दिल्लीला यायची आणि तिथून बनारसमार्गे काठमांडू गाठायची. कुणी जुनाट बसनं, तर कुणी फोक्सवॅगनच्या त्या गुबगुबीत व्हॅननं. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ही वाट बंद पडली.

या व्हॅनचं इंजिन मागे, आणि तेही पाण्यानं नव्हे तर वाऱ्यानं थंड होणारं. रेडिएटर नाही, म्हणजे गळण्याची भीती नाही. पण वारा घालणारा पंखा बसवलेला डायनॅमोच्या दांड्यावर, आणि तो फिरवणार एकच रबरी पट्टा! पट्टा तुटला की चार्जिंगचा लाल दिवा लागतो. नवखा चालक समजतो, बॅटरीची काहीतरी भानगड आहे, पुढच्या गावात बघू. प्रत्यक्षात त्या क्षणापासून इंजिनाला वाराच मिळत नसतो. त्यात पोटात ऑइल अवघं अडीच लिटर, आणि मे महिन्यात बनारसचा पारा ४५ अंशांच्या घरात. पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरच्या भिंतीला घट्ट धरतो... आणि इंजिन जाम!

अशी गाडी तिथंच सोडून द्यायची सोयही परदेशी प्रवाशाला नसते. 'कार्ने' नावाच्या कागदावर ती देशात आलेली असते. जकात न भरता गाडी आणता येते, पण ती परत बाहेर नेली नाही तर जकात वसूल होते. त्या कागदावर गाडीच्या वर्णनात इंजिनाचा क्रमांकही असतो. इंजिन बदललं, की कागदावर एक आणि गाडीत दुसरं. सीमेवरचा अधिकारी ते कसं मान्य करणार?

तुम्ही म्हणाल, फोक्सवॅगनचं आम्हाला काय? आमच्याकडे आहे ती आजोबांची मॅटाडोर! तिचंही कूळ जर्मनच. १९५८ मध्ये सुरू झालेल्या बजाज टेम्पो कंपनीनं हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याच्या सहकार्यानं गाड्या बनवायला घेतल्या. आपण मालाच्या कुठल्याही छोट्या गाडीला 'टेम्पो' म्हणतो, तो शब्द त्या कारखान्याच्या नावावरून आला. पुण्याच्या आकुर्डीतून निघालेल्या मॅटाडोरमध्ये दहा-बारा माणसं, वळकट्या, स्टोव्ह आणि लाडवांचे डबे भरून किती मराठी कुटुंबांनी काशी-प्रयाग-गया ही त्रिस्थळी यात्रा केली असेल, देव जाणे. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, मॅटाडोर बनणंही थांबलं. पण लोकांच्या अंगणात ती अजून उभी दिसते.

आधी कारण शोधा

'इंजिन जाम' हा एकच आजार नव्हे. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ओल शिरते, पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटतात. हा तसा सौम्य प्रकार. पेट्रोल इंजिनाचे स्पार्क प्लग, डिझेलचे हीटर प्लग काढायचे, त्या भोकांतून गंज सुटण्याचं तेल सोडायचं आणि दोन-चार दिवस गाडीला हात लावायचा नाही. मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं हलकेच मागे-पुढे करायचं. केसभर हलली तरी आशा आहे. घाईघाईनं स्टार्टर मारत बसणं किंवा गिअरमध्ये टाकून दोरीनं ओढणं हा मात्र अघोरीपणा! त्यानं रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वाचणारं इंजिन खरोखरच मरतं.

पुराच्या पाण्यातून गाडी नेली आणि ती थांबली, तर सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. पाणी दबत नाही, म्हणून पिस्टन अडतो. इथंही पहिला उपाय तोच, प्लग काढून पाणी बाहेर येऊ द्यायचं.

चालत्या गाडीत इंजिन धरलं, तर मात्र ते उघडावंच लागतं. ऑइल संपलं होतं की इंजिन तापलं होतं, हे आतले ओरखडेच सांगतात. पिस्टनवर उभे ओरखडे असतील तर सिलिंडर बोअर करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन घालता येतात. फारच खरवडलं असेल तर स्लीव्ह बसते. बेअरिंग जळून क्रँकला घट्ट बसली असतील, तर क्रँक घासून बारीक करतात आणि त्या मापाची नवी बेअरिंग घालतात. फोक्सवॅगनचं काम त्या मानानं सोपं, कारण तिचे सिलिंडर सुटे असतात, पिस्टनसह नवा जोड बसवता येतो. मॅटाडोरच्या नंतरच्या डिझेल मॉडेलमध्ये मर्सिडीजच्या परवान्यानं बनलेलं ओएम ६१६ इंजिन होतं. तेच ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरलाही बसलं, त्यामुळे त्याला हात घालणारे मेकॅनिक मिळतात.

या सगळ्या खटाटोपात ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मूळ धूड, तेच राहतं. आणि क्रमांक कोरलेला असतो तो त्याच्यावरच!

बदल कधी बरा?

इंजिन बदलूच नये असं नाही. बनारसचंच बघा. तिथल्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सनं दोन जुनी डिझेल इंजिनं घेऊन ६९ दिवसांत त्यांचं दहा हजार अश्वशक्तीचं विजेवरचं जोडइंजिन केलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला हिरवा झेंडा मिळाला. गंगेतल्या शेकडो बोटींचीही फटफटणारी, धूर ओकणारी डिझेल इंजिनं काढून सीएनजीची बसवली गेली. खर्च 'गेल' कंपनीनं उचलला, नावाड्यांच्या खिशाला तोशीस नाही. रोज राबणाऱ्या वाहनाला हे शहाणपणाचंच.

हौसेनं जपलेल्या व्हॅनचा हिशेब वेगळा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, खासगी वापराची आणि मूळ रूपात राखलेली गाडीच त्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केले, की हा मान गेला. आजोबांची मॅटाडोर १९७५ च्या आसपासची असेल आणि तिच्यात कुठलंतरी भंगारातलं इंजिन कोंबलं, तर गाडी चालेल, पण व्हिंटेज म्हणून नोंदवताना अडेल. (मान मिळाला तरी भाजी आणायला ती नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन आणि देखभाल, एवढीच मुभा!)

ब्लॉकलाच मोठी तडा गेली असेल तर बदलण्यावाचून सहसा गत्यंतर नसतं. मग निदान त्याच बनावटीचं इंजिन शोधा, त्याचं बिल आणि मूळ गाडीचे कागद मागून घ्या. आरटीओची मंजुरी घेऊन नवा क्रमांक आरसी पुस्तकात चढवा, विमा कंपनीलाही कळवा. चोरीच्या गाडीतलं इंजिन निघालं तर कोर्टकचेरी तुमच्या नशिबी येते. विम्यातून इंजिनाचा खर्च निघेल या भ्रमातही राहू नका. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड येत नाही.

गाडी लेथवाल्याकडे देताना ब्लॉकवरच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. काढलेले पिस्टन, रिंगा, बेअरिंग परत मागा, म्हणजे खरोखर काय बदललं ते कळेल. आणि ऑइल पंप व ऑइलच्या वाटा साफ केल्यात का, हे तोंडावर विचारा. ज्या कारणानं इंजिन धरलं ते तसंच राहिलं, तर नवे पिस्टनही आठवडाभरात तीच वाट धरतील. बांधून आलेलं इंजिन पहिले हजारेक किलोमीटर सांभाळून चालवायचं, चढावर रेटायचं नाही. पहिल्या पाचशेनंतर ऑइल बदलायचं. काशीयात्रा त्यानंतर!