मोबाइलमधले कागद आणि त्यांच्या तारखा

कांदिवली स्टेशन ते चारकोप शेअर रिक्षा चालवणाऱ्याच्या मागे एकाच वेळी अनेक मुदती लागलेल्या असतात: लायसन, बॅज, परमिट, पासिंग, विमा, पीयूसी. सगळ्यांच्या तारखा वेगळ्या. हे सगळं मोबाइलवर सांभाळायला डिजिलॉकर आणि एमपरिवहन ही सरकारी ॲप्स खरोखर कामाची आहेत. पण स्टँडवर त्यांच्याविषयी ठासून सांगितलं जाणारं बरंचसं चुकीचं असतं.

मोबाइलवरचं लायसन ट्रॅफिकवाले मानत नाहीत, हा जुना समज. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट 2018 मध्येच राज्यांना कळवलं, की या दोन ॲप्समधलं लायसन आणि आरसी मूळ कागदाइतकंच ग्राह्य धरावं. ऑक्टोबर 2020 पासून तर तपशील ऑनलाइन पडताळून झाला असेल तर कागदी प्रत मागायची नाही, असं नियमातच आलं.

मात्र म्हणून मोबाइलमधला फोटो चालतो असं नाही. गॅलरीतला फोटो, व्हॉट्सॲपवर आलेली झेरॉक्स, एवढंच काय, डिजिलॉकरमध्ये स्वतः स्कॅन करून चढवलेली प्रत, यांपैकी कशालाही मूळ कागदाचा दर्जा नाही. तो मिळतो डिजिलॉकरच्या ‘इश्यूड’ विभागात थेट सरकारी नोंदीतून आलेल्या कागदाला. इथेच अनेकजण अडकतात. आधारवरचं नाव लायसनवरच्या नावाशी जुळलं नाही की कागद येत नाही. जुन्या पुस्तकी लायसनची नोंद ‘सारथी’ या लायसनच्या सरकारी पोर्टलवर नसेल, तर ती आधी आरटीओत करून घ्यावी लागते. ॲप असलेली नोंद दाखवतं, नवी तयार करत नाही.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘मुदत संपली तरी महिनाभर चालतं’. पूर्वी लायसनला अशी 30 दिवसांची सवलत होती. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. मुदत संपण्याआधी एक वर्ष आणि संपल्यानंतर एक वर्ष नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, पण ही मुभा अर्ज करण्याची आहे, गाडी चालवण्याची नाही. ते वर्षही उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. विम्याचंही तेच. पॉलिसी संपल्यानंतर अपघात झाला तर भरपाईचा बोजा मालकावर येतो, आणि एका रिक्षावर चालणाऱ्या घराला तो पेलणारा नसतो.

पीयूसी सरसकट सहा महिन्यांची समजली जाते. बीएस-4 आणि बीएस-6 गाड्यांना ती वर्षभराची मिळते, त्याहून जुन्या गाड्यांना सहा महिन्यांची. पासिंगमध्ये घोळ वेगळा. नवी रिक्षा दोन वर्षांसाठी पास होते, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दर दोन वर्षांनी येतं, त्यानंतर दरवर्षी. ‘दोन वर्षांनी’ अशी आठवण लावून ठेवलेला चालक आठव्या वर्षानंतर नेमका इथेच चुकतो.

व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल आली तर ती उघडू नका. अशा फाइल मोबाइलचा ताबा घेऊन बँक खातं रिकामं करतात. ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्या, आणि तिथेही एमपरिवहन बनवणारी संस्था सरकारीच आहे ना, हे पाहा.

आणि ॲप घेतलं म्हणजे आपोआप आठवण येईल, या भरवशावर राहू नका. सरकारी सूचना आणि ओटीपी नोंदीतल्या मोबाइल नंबरवर जातात. तो नंबर जुन्या मालकाचा, एजंटचा किंवा कधीच बंद झालेल्या सिमचा असू शकतो. आजच एमपरिवहन उघडून गाडीची पासिंग, विमा आणि पीयूसीची तारीख बघा, प्रत्येकीच्या महिनाभर आधीची आठवण मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये लावा, आणि नंबर चुकीचा निघाला तर तो आधी बदलून घ्या.