सहा नावं, एक शब्द

लहानपणी अब्बा रात्री रेडिओचा काटा शॉर्टवेव्हवर फिरवायचे. खरखर, शिट्ट्या, अनोळखी बोली. ‘हे कोणाशी बोलतात?’ मी विचारायचो. ‘ज्याच्याशी बोलतात, त्याला कळतं,’ अब्बा म्हणायचे.

रशियातल्या एका केंद्राचं ध्वनिमुद्रण ऐकलं आणि ते उत्तर आठवलं. ४६२५ किलोहर्ट्झवर, मिनिटाला साधारण पंचवीस वेळा, नुसती घरघर. हौशी श्रोते त्याला ‘बझर’ म्हणतात. रशियाने त्याचं काम कधी जाहीर केलेलं नाही. जाणकार ते लष्करी निरोपांचं केंद्र मानतात. घरघर चालू असली की केंद्र जागं असल्याचं कळतं आणि ती जागा दुसरं कोणी बळकावत नाही.

२४ डिसेंबर १९९७ रोजी घरघर थांबली. आधी काही आकडे, मग नावं आली : बोरीस, रोमान, ओल्गा, मिखाईल, आना, लारिसा. मला वाटलं, कोणाची तरी माणसं असतील. पण या नावांची रशियन आद्याक्षरं जोडली की ‘ब्रोमाल’ हा सांकेतिक शब्द होतो. ऐकावं सगळ्यांनी, कळावं एकालाच.

नोव्हेंबर २००१मध्ये मात्र घरघरीआडून रशियन बोलणं ऐकू आलं. मायक्रोफोन उघडा होता आणि जवळ माणसं होती.

आम्ही कवी नाव लिहितो ते माणूस आठवावं म्हणून. इथे सहा नावांत एकही माणूस नव्हता. माणसं ऐकू आली ती चुकून, आणि मला तीच चूक आपली वाटते.