टर्बो-डीसीटी गाडी सिग्नलवरून उशिरा का निघते?

मागच्या उन्हाळ्यात आष्टीहून चंद्रपूरला परत येत होतो. पंपावर पेट्रोल भरलं, गाडी रस्त्याच्या कडेला आणून थांबवली. आलापल्लीकडून लोहखनिजाचा ट्रक येत होता, पण बराच लांब. म्हटलं, आरामात निघतो. ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी जागची हललीच नाही! नाक रस्त्यावर, ट्रक जवळ येतोय. शेजारी बसलेले मामा ओरडले, "काहून थांबला बे?" तेवढ्यात गाडीने झटका दिला आणि सुसाट निघाली.

हा उशीर जेमतेम दीड सेकंदाचा असेल. पण ताशी ६० किमी वेगाचा ट्रक दीड सेकंदात २५ मीटर पुढे येतो. म्हणून हा प्रकार नीट समजून घेऊ.

पहिलं कारण टर्बो. टर्बोचं चाक इंजिनच्या धुरावर फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेऱ्यांवर असतं. धूर कमी, त्यामुळे दाब नाही. त्या क्षणी तुमच्या हातात फक्त एक लिटरचं साधं छोटं इंजिन असतं. फेरे १५००-१७०० च्या पुढे गेले की खरा जोर येतो. यालाच टर्बो लॅग म्हणतात.

दुसरं कारण डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स. एक क्लच १, ३, ५ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६. पुढचा गिअर आधीच तयार असतो, म्हणून चालत्या गाडीत गिअर पटकन बदलतात. पण उभ्या गाडीला हा फायदा नाही. तिथे कॉम्प्युटरला आपल्यासारखाच 'हाफ क्लच' करत गाडी उचलावी लागते. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो तेलातून जोर पोचवतो आणि सुरुवातीला तो वाढवतोही. डीसीटीत ती सोय नाही. क्लच जळू नये म्हणून कॉम्प्युटर सुरुवातीला इंजिनचा जोरही मुद्दाम आवरतो.

म्हणजे टर्बोला फेरे हवेत आणि क्लच म्हणतो, दमानं घ्या. त्यात स्टार्ट-स्टॉप चालू असेल तर बंद पडलेलं इंजिन आधी सुरू व्हायला हवं. तोही वेळ यातच मिळतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात अजून एक भर पडते. गरम हवा विरळ असते, एसी इंजिनवर ओझं टाकतो आणि गर्दीत घासून क्लच तापतो. त्यात कोरडा क्लच तेलातल्या क्लचपेक्षा लवकर तापतो.

मग करायचं काय? मी आता हे करतो:

१. चौकात किंवा रस्त्याला लागताना स्टार्ट-स्टॉप बंद.
२. ब्रेकवरून पाय आधी उचलतो, गाडी हळू सरकू देतो, क्लच जुळला की मग ॲक्सिलरेटर देतो. एकदम पूर्ण दाबत नाही.
३. ऑटो होल्ड असेल तर तो सुटायलाही क्षण लागतो, हे धरून चालतो.
४. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवत नाही, ब्रेक वापरतो. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबणं तर नाहीच.
५. लगेच निघायचं असेल तर स्पोर्ट मोड. पण त्यानेही उशीर कमी होतो, संपत नाही.

हा उशीर बहुतेक वेळा बिघाड नसतो, गाडीचा स्वभाव असतो. मात्र निघताना गाडी थरथरत असेल, जळका वास येत असेल किंवा गिअरबॉक्सचा इशारा दिवा लागला, तर सरळ सर्व्हिस सेंटर गाठा.

शेवटचा उपाय गाडीत नाही, आपल्या डोळ्यांत आहे. मॅन्युअल गाडीच्या सवयीने अंतर मोजू नका. आता मामा शेजारी असले की स्वतःच सांगतात, "जाऊ दे त्या ट्रकला." आणि मी जाऊ देतो.